हैदराबादच्या भिंतीवर रसवंतीचा बैल

मुरूडहून निघताना

मी मुरूडचा पेंटर. गाव मूळचं शिरूर अनंतपाळ, धंदा शिकलो नांदेडला, आणि तीस वर्षांपासून मुरूडच्या बाजारात माझं दुकान आहे. लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर तुम्ही दात दाखवणारा वाघ किंवा भारताचा नकाशा पाहिला असेल, तर तो माझा असण्याची शक्यता बरीच आहे. वाघ हसताना दिसला तर मात्र तो माझा नाही. फ्लेक्स आल्यावर आमच्यातले पुष्कळ जण रिक्षा चालवायला लागले. मी ब्रश सोडला नाही, कारण देवळाच्या शिखराला आणि शाळेच्या ओबडधोबड भिंतीला अजून माणूसच लागतो.

माझी मुलगी कांचन हैदराबादेत एका कंपनीत नोकरी करते. दोन वर्षं ती मला बोलावत होती. तिची आई एकदा जाऊन आली आणि "तिकडं सगळ्यात चिंच घालतेत" एवढं एकच प्रवासवर्णन सांगून मोकळी झाली. या उन्हाळ्यात शाळांची कामं उरकली आणि मी निघालो. कांचननं आधीच फोनवर बजावलं होतं, "अप्पा, चारमिनार तर बघूच, पण तुम्हाला आधुनिक चित्रांचं म्युझियम दाखवायचंय. तुम्ही पेंटर. तुम्ही नाही बघायचं तर कुणी बघायचं?"

आता खरं सांगतो. चाळीस वर्षं रंगात हात घालून मी एकदाही चित्रांच्या म्युझियममध्ये गेलेलो नव्हतो. पण त्याचं मला दडपण आलं नाही. रंग कुठंही गेला तरी रंगच. लातूरला गाडीत बसलो तेव्हा पिशवीत बायकोनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि डोक्यात एवढंच होतं की मोठ्या लोकांचं काम एकदा जवळून तपासून येऊ.

हैदराबाद, पहिला दिवस

हैदराबादेत उतरलो आणि मला परकं वाटलंच नाही. पुण्याला गेलो की माझं बोलणं ऐकून लोक 'कुठून आलात' असं विचारतात. इथं मी नांदेडच्या गल्ल्यांत शिकलेली हिंदी बाहेर काढली, तर रिक्षावाला म्हणाला, "चचा, पुराने शहर के हो क्या?" कांचन दोन वर्षं राहून अजून इंग्रजीत रस्ता विचारते आणि मी दोन मिनिटांत शहराचा झालो. हे मी तिला पुढच्या तीन दिवसांत दहा वेळा तरी ऐकवलं असेल.

मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मात्र माझी फजिती झाली. एक पाय ठेवला, दुसरा ठेवायच्या आत जिना पुढं गेला आणि चप्पल खालीच राहिली. मी एका चपलेनिशी वर पोचलो आणि दुसरीची वाट बघत उभा राहिलो. ती कुणीतरी खालच्या पायरीवर ठेवून दिली असावी, कारण थोड्या वेळानं ती एकटीच, कुणाला न विचारता वर आली. लोक हसले, कांचननं तोंड फिरवलं, मी चप्पल घातली आणि चालू लागलो.

जेवायला बिर्याणी. सोबत मिरचीचा सालन नावाचा प्रकार वाढला, त्याला लोक लांबून खायला येतात म्हणे. चाखून बघितला. तीळ, शेंगदाणे, खोबरं, चिंच. म्हणजे आमच्या भरल्या वांग्याचाच रस्सा, फक्त वांग्याच्या जागी मिरची. वेटरला तसं सांगितलं तर त्यानं मान डोलावली आणि अजून एक वाटी आणून ठेवली. बायकोची चिंचेची तक्रार खोटी नव्हती, पण चिंच योग्य जागी पडली की तक्रारीला जागा राहत नाही.

संध्याकाळी चारमिनारच्या आसपास फिरलो. कांचन मला मिनार दाखवत होती आणि मी दुकानांच्या पाट्या बघत होतो. सवयच ती. सगळीकडं दिव्यांची अक्षरं, प्लास्टिकची अक्षरं, छापलेली अक्षरं. एका गल्लीत उर्दूतली हातानं रंगवलेली एक जुनी पाटी सापडली, तिच्यासमोर मी एवढा वेळ उभा राहिलो की मागं चार स्कूटर हॉर्न वाजवायला लागल्या. मला उर्दू वाचता येत नाही. पण हात कुठं थांबला, कुठं सुटला, हे बघायला वाचता यावं लागत नाही.

म्युझियम

दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझियममध्ये गेलो. दारातच पिशवी अडवली. गार्डचं नाव यादगिरी. बायको देगलूरची, त्यामुळं त्याला मराठी येत होती. त्यानं धपाट्यांच्या फडक्याचा वास घेतला आणि त्याचा चेहराच बदलला.

"काका, हे आत न्हाई न्यायचं. पण माझ्यापाशी ठिवा. मी सांभाळतो."

"सांभाळ, पण मोजून ठिवलेत," मी म्हणालो. त्यानं हसून पिशवी आपल्या खुर्चीखाली सारली.

आत गेल्या गेल्या थंडगार हवा, पांढऱ्या भिंती आणि इतकी शांतता की माझी चप्पल वाजली की मलाच कानकोंडं व्हायला लागलं. आमच्याकडं एवढी शांतता परीक्षेच्या वर्गात पण नसते. एकेका भिंतीवर एकेकच चित्र. आमच्या बाजारात तेवढ्या जागेत सहा दुकानांच्या पाट्या बसल्या असत्या.

पहिलं मोठं चित्र सगळं निळं होतं. नुसतं निळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक तरुण जोडपं त्याच्यापुढं हात बांधून उभं होतं. मी तिरका होऊन उजेडात बघितलं. रंगाचे चार हात दिले होते, एक आडवा, एक उभा, आणि कुठंही ब्रशचा माग नाही, कडेला ओघळ नाही. "काम पक्कं हाय," मी कांचनला म्हणालो. "एवढी मोठी जागा एका रंगात सपाट भरणं सोपं न्हाई बरं." जोडप्यातली मुलगी माझ्याकडं बघून हसली आणि तिनंही तिरकं होऊन बघितलं. शेजारी काळ्या सरळ रेघांचं चित्र होतं. त्यात चिकटपट्टी लावून रेघ मारलेली होती आणि दोन ठिकाणी रंग पट्टीखाली घुसला होता. ते मी मनातल्या मनात नापास केलं.

काही चित्रं कळली, काही नाही कळली. एका बाईनं नुसत्या साडीच्या चिंध्या शिवून नदी केली होती, ती मला फार आवडली. तिच्यापुढं मी बराच वेळ बसलो. एक चित्र पूर्ण पांढरं होतं. ते मला अस्तर दिलेलं वाटलं, म्हणजे रंगाच्या आधीचा पहिला हात. पेंटर चहाला गेला आणि परत आलाच नाही असं वाटावं. पण इथं हसायचं नसतं हे एव्हाना कळलं होतं.

मग ती चूक झाली. एका दालनात कोपऱ्यात शिडी उभी होती, खाली रंगाचे थेंब पडलेलं फडकं, तीन डबे, आणि एका उघड्या डब्यात ब्रश उभा सोडलेला. मला वाटलं, भिंतीचं काम चालू आहे आणि कामाची माणसं जेवायला गेली आहेत. डब्यात ब्रश उभा सोडणं म्हणजे आमच्या धंद्यात गुन्हा. केस वाकतात, ब्रश कामातून जातो. नांदेडला शिकत असताना यासाठी मी पाठीत धपाटा खाल्लेला आहे. मी चार पावलं आत गेलो आणि ब्रश काढून डब्यावर आडवा ठेवला.

"अय्यो काका!" यादगिरी पळत आला. "ती आर्ट हाय! हात न्हाई लावायचा!"

"आर्ट हाय तर ब्रश असा कुणी ठिवला?"

"तसाच ठिवायचा असतोय!"

कांचननं माझं कोपर धरून मला बाहेर काढलं. यादगिरीनं ब्रश परत डब्यात उभा केला. तेव्हापासून तो आमच्या मागं मागंच चालायला लागला. मी त्याला दोष देत नाही.

लाल अक्षरं, निळी शेड

शेवटच्या दालनात बाजारातल्या जुन्या पाट्यांचं प्रदर्शन होतं. सायकलचं दुकान, टेलर, बँड पार्टी, सोडा. तेलुगू, उर्दू, कन्नड, मराठी. पत्र्यावर रंगवलेल्या, गंजलेल्या, कडा वाकलेल्या पाट्या त्याच पांढऱ्या भिंतींवर, त्याच दिव्यांखाली लावलेल्या. मी छाती पुढं काढून आत शिरलो, कारण आता मी माझ्या घरात आलो होतो. आणि तिसऱ्या पाटीपुढं माझे पाय थांबले.

'श्री हनुमान रसवंती गृह'. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, त्यांना निळी शेड. खाली उसाच्या दोन हिरव्या कांड्या आणि रस काढायच्या चरकाला जुंपलेला देवणी बैल, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. शेड म्हणजे अक्षराची सावली. सगळी दुनिया ती अक्षराच्या उजवीकडं टाकते. या पाटीवर ती डावीकडं होती.

डावीकडं शेड टाकणारा एकच माणूस मला माहीत आहे. माझे उस्ताद, मेहबूब पेंटर. नांदेडला 'मेहबूब आर्ट्स' हे त्यांचं दुकान होतं आणि तिथं अकरा वर्षं मी काम शिकलो. उस्ताद डावखुरे. त्यांचं म्हणणं, उजेड कुठून यावा हे पेंटरनं ठरवायचं. एके काळी नांदेडच्या बाजारात उभं राहिलं की सगळ्या सावल्या डावीकडं पडलेल्या दिसायच्या. मग फ्लेक्स आलं. जुन्या पाट्या भंगारात गेल्या, नाहीतर नव्या पाट्यांच्या पाठीमागं गाडल्या गेल्या. गेल्या ईदला मी शीरखुर्मा प्यायला गेलो तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "अख्खं नांदेड लिहिलं म्या. आज नातवाला दाखवायला एक पाटी न्हाई." ऐंशी ओलांडलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा जवळजवळ गेलेला. त्यांच्या बोलण्यात रड नव्हती, पण मला ते वाक्य तेव्हापासून टोचत होतं.

आणि ती पाटी इथं होती. हैदराबादच्या म्युझियममध्ये, दिव्याखाली.

"कांचन, खाली काय लिहिलंय वाच."

तिनं इंग्रजीतली चिठ्ठी वाचून मराठीत सांगितली. "अज्ञात चित्रकार, मराठवाडा. पत्र्यावर इनॅमल. भंगाराच्या दुकानातून मिळालेली. बैलाच्या खांद्यावरचा पिवळा डाग गंजाचा किंवा रंग उडाल्याचा असावा."

माझं डोकं फिरलं. अज्ञात? ज्या माणसानं अख्ख्या शहराला नावं दिली तो अज्ञात? आणि गंज? मी पाटीपुढं लावलेली आडवी दोरी ओलांडून जवळ गेलो. यादगिरी ओरडायच्या आत मीच त्याला म्हणालो, "बोलाव तुझ्या साहेबाला. मला सांगायचं हाय."

साहेब आला तो बाई निघाली. शैलजा नावाची, तिशीतली, सुती साडी, हातात वही. तिच्याशी बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत देतो. तिनं मला हाकललं नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नुसतं कुणी सांगितलं म्हणून आम्ही नाव लिहीत नाही. पुरावा काय?"

मी पुरावा द्यायला सुरुवात केली. आधी शेड दाखवली आणि डाव्या हाताचं कारण सांगितलं. मग अक्षरांच्या खालची, ओळ सरळ यावी म्हणून रंगातली दोरी मारल्याची फिकट खूण दाखवली. मग बैलावर आलो.

"आणि हा पिवळा डाग गंज नाही, मॅडम. ही हळद आहे. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजतो, घट्टा पडतो. त्या दिवशी तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा आणि तूप-हळद लावून हातानं मळायचा. बैलाला दुसऱ्या दिवशीचं जेवायचं आवतण द्यायचं. पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर तो पिवळा हात चार दिवस राहतो. बघा, डागाला बोटं आहेत. गंजाला बोटं असतात का?"

शैलजानं चष्मा वर करून बघितलं. खरंच, डागाच्या एका कडेला चार बोटांचे फराटे होते. आसपास सात-आठ माणसं जमली होती, त्यांनीही वाकून बघितलं. निळ्या चित्रापुढची मुलगी पण त्यांच्यात होती. मी असा रंगात आलो की उस्तादांचं निरीक्षण किती बारीक, बैलाच्या खांद्यापर्यंत कसं पोचतं, यावर एक भाषणच ठोकलं. मुरूडच्या गणपतीत पण एवढं मन लावून मला कुणी ऐकलेलं नाही.

"अजून एक आहे," मी शेवटी म्हणालो. "दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक पाटीच्या पाठीवर आम्ही छाप मारायचो. पाटी उलटी करा."

शैलजानं वही मिटली. "उद्या सकाळी म्युझियम उघडायच्या आधी या."

पाटीची पाठ

तिसऱ्या दिवशी चारमिनारजवळच्या मशिदीत जायचं ठरलं होतं, ते राहिलं. सकाळी आठला आम्ही म्युझियमच्या दारात हजर. पाटी उतरवताना दोन माणसं, दोघांच्या हातात मोजे. नांदेडला अशीच पाटी आम्ही सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून नेत असू. त्यांनी ती गादी घातलेल्या टेबलावर पालथी ठेवली. पाठ सगळी तांबूस, गंजानं खाल्लेली. शैलजानं बॅटरी तिरकी धरली आणि खालच्या कोपऱ्यात काळ्या छापातली अर्धी अक्षरं दिसली. पुढचं गेलेलं, पण '...बूब आर्ट्स, नांदेड' एवढं स्पष्ट.

मला रडू आलं. लपवत नाही. कांचननं माझ्या पाठीवर हात ठेवला.

शैलजा मात्र कामाची बाई. ती म्हणाली, "छाप दुकानाचा आहे. दुकानात हात कुणाकुणाचे होते?"

"आम्ही तीन पोरं होतो. पण आमचं काम दोरी मारायचं, अस्तर द्यायचं, अक्षर भरायचं. हा हात उस्तादांचा. त्यांनी टाकलेली शेड मी अंधारात ओळखीन."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

तिनं एक कागद पुढं केला. मी अमुक अमुक, मी या चित्रकाराच्या हाताखाली काम केलेलं आहे, हे काम त्यांचंच असल्याचं मी ओळखतो. मी खाली सही ठोकली, चांगली मोठी. जेवणाच्या वेळेपर्यंत नवी चिठ्ठी छापून आली. पक्की चिठ्ठी नंतर लागेल, तोवर ही, असं ती म्हणाली. मेहबूब पेंटर, नांदेड. डागाची ओळपण बदलली होती, तिथं आता खांदमळणी आली होती. मी फोटो काढले, जवळून आणि लांबून. मग बाहेरच्या झाडाखाली यादगिरीला धपाटे दिले. तो म्हणाला, सासूच्या हातचे असेच असतात, आणि मोजून ठेवलेल्यातले तीन खाल्ले.

त्याच दिवशी मी परतीचं तिकीट बदललं. सरळ लातूरला न जाता काचीगुड्याहून नांदेडची गाडी धरली.

नांदेड

उस्तादांचं घर जुन्या शहरात, गोदावरीच्या अंगाला. स्टेशनवरून रिक्षा केली आणि गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं गल्लीत शिरलो. उस्ताद ओसरीत पलंगावर बसले होते, सुनेनं चहा आणून ठेवला. मी बसलो नाही की पाणी प्यालो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेला. चिठ्ठीतलं नाव मी मोठं करून दाखवलं. ते एकेक इंग्रजी अक्षर लावत गेले.

"माझं नाव हाय."

"हाव, उस्ताद."

"हैदराबादेत?"

"हाव. दिव्याखाली."

त्यांनी सुनेला हाक मारली, नातवाला उठवायला सांगितलं. मोबाईल दोन्ही हातांनी छातीशी धरला. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम धड झालं आपल्या हातून.

मग त्यांनी बोटानं फोटो सरकवला आणि पाटी बघायला लागले. अक्षरं, ऊस, चरक, बैल.

"लई जपून ठिवलंय," ते म्हणाले. "पण बैलाच्या अंगावर हे पिवळं काय हाय? गंज धरला का?"

"गंज न्हाई उस्ताद, हळद हाय. खांदमळणीची."

"ते काय असतंय?"

त्यांना ते ठाऊकच नव्हतं. उस्ताद जन्माचे नांदेडच्या पेठेतले. बाप पेंटर, आजा रंगरेज. त्यांनी बैल काढले हजार, पण बैलाच्या खांद्याला हात लावलेला नव्हता. तो लावला होता मी. शिरूरला, वडिलांच्या देवणीच्या खांद्याला, दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी.

तेव्हा आठवलं. एका उन्हाळ्यात उस्ताद टायफॉईडनं पडले होते. रसवंतीवाला दुकानात येऊन बसला, त्याला दोन दिवसांत पाटी पाहिजे होती, आणि बाकीची दोन पोरं गावाला गेलेली. मी एकवीस-बावीस वर्षांचा. बैल काढायची मुभा नव्हती, तरी काढला. घरची आठवण येत होती म्हणून खांद्यावर बोटांनी पिवळं फासलं. पाटी गेली, उस्ताद उठेपर्यंत दुसरी पन्नास कामं आली, आणि मी ती विसरलो. त्यानंतर किती पाट्या केल्या त्याला गणती नाही. शेड पुढं मुरूडला गेल्यावर गिऱ्हाइकांच्या आग्रहानं उजवीकडं आली. स्वतःचा हात मला ओळखू आला नाही, कारण तेव्हा तो हात मी उस्तादांसारखाच करून ठेवला होता.

मी पलंगाच्या कडेला बसलो. सगळं सांगितलं. सही केल्याचं पण सांगितलं.

उस्ताद फोटोकडंच बघत होते. "तू उजव्या हाताचा. शेड डावीकडं कशाला टाकलीस?"

"तुम्ही टाकायचे म्हणून."

"माझी खोड उचललीस," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "फोन लाव त्या बाईला."

"राहू द्या, उस्ताद. दुकान तुमचं, शिकवलेलं तुमचं. तुमची एक तरी पाटी कुठं तरी हाय असं राहू द्या की."

"लाव म्हणतो ना."

"नातवाला दाखवायला…"

"नातवाला खोटं दाखवू का?" ते एवढ्या जोरात म्हणाले की सून दारात आली. "दुसऱ्यानं लिहिलेल्या पाटीवर म्या कधी नाव घातलं न्हाई. आता म्हातारपणी घालू?"

मला फार वाईट वाटलं. जे नाव मी भांडून लावून आलो ते मलाच काढायला लागत होतं. आणि त्याच वेळी आत कुठंतरी आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची मला लाज वाटत होती. मी शैलजाला फोन लावला. उस्तादांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"बेटी, मैं मेहबूब पेंटर बोल रहा हूँ, नांदेड से. वो बैल मेरा नहीं है."

तिनं काहीतरी विचारलं असावं. ते म्हणाले, त्या पिवळ्याचं नावसुद्धा मला आज कळलं, जे मला ठाऊक नाही ते मी काढणार कसं? तिकडून पुन्हा प्रश्न आला. मग कुणाचं नाव लिहायचं, हाच असणार.

दुकानात अकरा वर्षं उस्तादांनी मला 'ए शिरूर' अशी हाक मारली. आम्हा तिघांनाही ते गावाच्याच नावानं बोलवायचे. ईदला गेलो तरी 'आला का शिरूर'. माझी पक्की समजूत होती की माझं खरं नाव त्यांना माहीतच नाही. मी ते सांगायला पुढं झालो, तर त्यांनी हातानं मला थांबवलं, डोळे मिटले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"लिखो बेटी. व्यंकट. ग्यानबा. बिरादार. शिरूर अनंतपाळ. और नाम के आगे लिखो, पेंटर."